मागच्या चाकातली माती

आई,

गेल्या रविवारी मी मागचं चाक उघडलं. तू असतीस तर उघडू दिलं नसतंस. पण नांदेडचं घर आता आपलं राहिलेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात ते विकलं, आणि सामान काढताना माळ्यावर, पितळी घागरीच्या मागे, ती दोन्ही चाकं निघाली. पुढचं तू चकचकीत केलेलं, एवढ्या वर्षांनी थोडं काळवंडलेलं. मागचं तुझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं, गाठ तुझीच. बाकी सगळं भंगारवाल्याला आणि शेजारच्यांना दिलं. ही दोन चाकं मात्र गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून लातूरला घेऊन आले. यांनी विचारलं, "एवढीशी चाकं घेऊन काय करतीस?" मी म्हटलं, दुरुस्त करते. "सायकल कुठंय पण?" मी चाकं उचलून आत नेली.

सायकल लाल होती. बीएमएक्स. नांदेडात तेव्हा आपल्या गल्लीत तसली दुसरी नव्हती. आडव्या नळीवर स्पंजची गादी, हँडलवर आडवा दांडा, चाकं बुटकी आणि टायर जाड, गाठीगाठींचे. बाबांनी ती आणली तेव्हा भाऊ दुसरीत होता आणि त्याचे पाय नीट टेकत नव्हते. तो ती चालवायचा कमी आणि पुसायचा जास्त. गणपतीत बाबा त्याला घेऊन आजोबांच्या गावाला निघाले, औशाच्या पुढं, तेव्हा सायकल घेतल्याशिवाय येणार नाही म्हणून तो अंगणात फतकल मारून बसला. बाबा वैतागले. "एसटीच्या टपावर कोण चढवू देतं का रे?" तर तूच म्हणालीस, "न्या की. तिकडं मोकळं हाय, फिरवंल मनासारखी. हितं नुसती ट्रकची वर्दळ." कंडक्टरनं कुरकुर केली, पण बाबांनी ती टपावर बांधली. स्टँडवर तू आणि मी उभ्या होतो. माझी दहावी होती, सहामाही तोंडावर आलेली, म्हणून मी गेले नाही. आणि मी एकटी कशी राहणार, म्हणून तू गेली नाहीस.

विसर्जन झालं आणि पहाटे जमीन हलली. नांदेडला मांडणीवरची भांडी वाजली, एवढंच. आपण दोघी उठून बसलो आणि परत आडव्या झालो. हे मला अजून सहन होत नाही, की आपण परत झोपलो. सकाळी रेडिओवर गावांची नावं यायला लागली. तू भाजी चिरत होतीस. आपल्या गावाचं नाव आलं तेव्हा तू विळी आडवी केलीस, हात धुतलेस, मला शेजारच्या काकूंकडं सोडलंस आणि तुझ्या शाळेतल्या एका सरांना सोबत घेऊन निघालीस. मला वाटलं होतं, तू दोघांना घेऊन येशील. मी काकूंच्या घरी बाबांसाठी चहाचं आधण ठेवू का, असं विचारलेलं आठवतं.

तू पोचलीस तोवर सगळं आटोपलं होतं. हे तू मला कधी सांगितलं नाहीस, त्या सरांनी खूप नंतर सांगितलं. पाऊस, चिखल, मिलिटरीचे ट्रक, वाट अडलेली, तुम्हाला दुसरा दिवस उजाडला. माळवदाची घरं, दगडी भिंती आणि वर हातभर पांढरी माती. ती सगळी खाली बसलेली. जे निघाले त्यांना घरांच्याच तुळया रचून अग्नी दिला होता, एकाच चितेवर कितीतरी. वाचलेल्या थोरल्या काकांनी तुला लांबून बाबांच्या आणि भावाच्या चितेची जागा दाखवली. तू तिथं उभी राहिलीस, मग आपल्या घराच्या ढिगाऱ्याकडं गेलीस. सर म्हणाले, "बाई रडल्या न्हाईत. खाली बसल्या आन् हातानं माती उकरू लागल्या." जवानानं तुला बाजूला केलं आणि फावड्यानं उकरून दिलं. सायकल निघाली. मधली दांडी चेपून कागदासारखी झालेली. तू पाना मागितलास कुणाकडं तरी, दोन्ही चाकं आणि पुढचं चाक धरणारा चिमटा सोडवून घेतलास आणि पोत्यात घालून घरी आलीस. दारात पोतं ठेवलंस. मी तुझ्या मागं बघितलं, रस्त्यावर. तू म्हणालीस, "कुणी न्हाई. आत चल."

मग तुझं ते सुरू झालं. शाळेतून आलीस की पदर खोचायचा आणि स्वयंपाकघरात बसायचं. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, कसा काढायचा हे तुला कुठं माहीत होतं? तू पहिलीच्या पोरांना बाराखडी शिकवायचीस. चौकातल्या सायकलवाल्या चाचांनी आधी तुला परत पाठवलं. "बाई, रख के जाव, मैं करके देता." तू चाक छातीशी धरून तिथंच उभी राहिलीस. "मलाच करायचंय." त्यांनी तुझ्या कपाळाकडं बघितलं असेल. आतून एक पातळ पाना आणि थोड्या आखूड तारा आणून दिल्या आणि चाकाची तार कुठून कशी ताणायची ते दाखवलं. घरी तू चिमटा खिडकीच्या गजांना सुतळीनं बांधलास, त्यात चाक अडकवलंस आणि बोटांत शाळेतला खडू धरलास. चाक फिरवायचं, वाकडी कड जिथं खडूला लागेल तिथं पांढरी रेघ उमटते, तिथली तार कसायची, समोरची ढिली करायची. परत फिरवायचं. पहिल्यांदा तू ते इतकं कसलंस की चाक अंड्यासारखं झालं. सगळ्या तारा सोडून परत पहिल्यापासून. गंज काढायला तू चिंच भिजवायचीस. आमटीत चिंच कमी आणि चाकाला जास्त. घरात रॉकेलचा वास, पोळीला रॉकेलचा वास. मी पलीकडं भूमितीची प्रमेयं पाठ करत बसलेली, आणि मध्येमध्ये तो आवाज, चाक सुटल्याचा, सर्रर्र, आणि खडू घासल्याचा. मी एकदा विचारलं, कशाला करतेस हे? तू मान वर केली नाहीस. "चाक हाय. फिरायला पायजे."

थंडी संपता संपता पुढचं चाक सरळ फिरायला लागलं. पण चाकाच्या मधल्या हबमध्ये करकर करत होतं. तू चाचांकडून विचारून आलीस आणि मधला आस सोडवलास, त्यावरचे शंकूसारखे कोन काढले, आतले मण्यांएवढे लोखंडी छर्रे एकेक करून बशीत ठेवले. मग कणीक मळायच्या परातीत रॉकेल ओतून हब त्यात धुतलास. आतून पांढरा गाळ निघाला, बराच. बोटानं, काडीनं, चिंधीनं तू तो सगळा काढलास. हब आतून आरशासारखा झाला. तू परात उचललीस आणि मोरीत रिकामी केलीस, वर तांब्याभर पाणी सोडलंस. मी ते बघत होते, कारण कितीतरी महिन्यांनी तुझ्या तोंडावर काम जमल्याचं समाधान दिसत होतं. आणि मग तू मोरीकडं वळलीस. खाली बसलीस. जाळीत हात घातलास, खोल. काहीच हाताला लागलं नाही. तू हात वर घेऊन ओल्या बोटांकडं बघत राहिलीस आणि तोंडातून आवाज निघाला. तसला आवाज मी परत कधी ऐकला नाही. मला वाटलं तुला काहीतरी चावलं. मी "आई, काय झालं, काय झालं" करत तुझे खांदे हलवत होते. तू म्हणालीस, "काय न्हाई. छर्रा गेला."

बशीत सगळे छर्रे होते.

पुढचं चाक तू पुरं केलंस, ग्रीस भरलंस, घट्ट केलंस. मागच्याला मात्र हात लावला नाहीस. ते कोपऱ्यात, तांदळाच्या डब्यामागं, तसंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला वाटलं, आपण तुला मदत करावी. मी ते पुढं ओढलं आणि हबच्या टोपणापाशी साचलेली माती केसांच्या आकड्यानं खरवडायला लागले. तू मागून आलीस आणि माझ्या हातावर फाडकन मारलंस. तू मला आयुष्यात मारलं ते तेवढंच. "त्याला हात लावायचा न्हाई! ऐकू आलं का? मातीला हात लावायचा न्हाई!" मग तू खाली वाकलीस आणि फरशीवर पडलेले ते चार कण बोटाच्या टोकावर घेतलेस. त्यांचं काय केलंस ते मी बघितलं नाही, मी रडत अंगणात गेले. मला कळलं एवढंच, की या घरात एक चाक आहे आणि ते माझ्यापेक्षा जवळचं आहे.

त्याच सुट्टीत आत्या आली होती. तिच्या घरातलेही गेले होते. ती तुझ्या गळ्यात पडून रडली आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, "हिच्या परीक्षेनं वाचलीस गं तू." चांगल्या मनानंच म्हणाली. तू माझ्याकडं बघितलंस. आई, त्या नजरेचा अर्थ लावण्यात माझी कितीतरी वर्षं गेली.

आणि वर तू मला लातूरला धाडलंस. दहावीला मार्क चांगले पडले, आणि चांगले मार्क पडलेल्या पोरांना तेव्हा आईबाप लातूरलाच धाडायचे. गावोगावची पोरं, शिरूर अनंतपाळची, मुरुडची, परभणीकडची, ट्रंका आणि गाद्या घेऊन उतरायची. पण लातूर! तिथं अजून अधूनमधून जमीन हलत होती. आत्यानं तुला बोल लावला. "दोघं तिकडंच गेले, आता उरलेली बी तिकडंच धाडतीस व्हय? काळीज हाय का दगड?" तू म्हणालीस, "भुईला भिऊन किती दिवस काढायचे?" मी रात्रंदिवस एकच समजून होते, की मी तुझ्या नजरेसमोर नको आहे.

खोली बघायला आपण दोघी दिवसभर उन्हात फिरलो. क्लासच्या अगदी जवळ एक छान खोली होती, स्लॅबची, पंखा, नळ, सोबतीला मुलीही चांगल्या. तू आत पाऊल टाकलंस, वर बघितलंस आणि मागं फिरलीस. दुसरी, तिसरी, तेच. तू ना मोरी बघितलीस ना शेजार. शेवटी एका घराच्या मागच्या अंगणातली पत्र्याची खोली तू पसंत केलीस, क्लासपासून लांब. उन्हाळ्यात तिचा तवा व्हायचा. वहीवर घाम टपकायचा आणि मी तुझ्यावर चिडून ओला टॉवेल डोक्यावर घेऊन रसायनाची समीकरणं सोडवायचे. बारावीच्या ऐन उन्हात घरमालकीण बाई ताक घेऊन आल्या, माझी दशा बघून म्हणाल्या, "मी म्हणलं होतं तुझ्या आईला, पुढची स्लॅबची घ्या म्हणून. तर म्हणली, 'पत्रा पडला तर पोरगी झाडून उठंल. स्लॅब पडला तर न्हाई उठायची.'" त्या ताक ठेवून गेल्या. मी ते पिऊ शकले नाही.

तू महिन्याकाठी यायचीस. माझ्याशी तुझं बोलणं म्हणजे जेवतीस का, झोपतीस का, आणि संपलं. मग तू माझी सायकल उलटी करायचीस आणि अंगणात चाकांचा आउट काढत बसायचीस. आजूबाजूच्या खोल्यांतल्या मुली बघायला यायच्या. एकीनं भीतभीत विचारलं, "काकू, माझी बी बघता का? ब्रेक घासतोय." पुढच्या वेळी अंगणात सायकलींची रांग. तू एकेकीला समोर बसवून तिचं घर, तिची भावंडं, तिचं काय अवघड जातं ते विचारत तारा कसायचीस. एकदा कुणाच्या तरी बोलण्यावर तू हसलीस. मोठ्यानं, पूर्वीसारखी. मी दारात उभी होते. आनंद व्हायला हवा होता. मला त्या मुलीचा मत्सर वाटला.

बारावीची परीक्षा संपली आणि तू मला न्यायला आलीस. लोह्याला एसटी थांबली, टायर पंक्चर होता. आपण खाली उतरून लिंबाच्या सावलीत बसलो. तू पेरू घेतलेस. एसटीचं भलंमोठं चाक रस्त्यावर आडवं पडलं होतं आणि तू त्याच्याकडं बघत होतीस. मी धीर करून म्हटलं, "आई, मागचं चाक मी करू का आता? सुट्टीच हाय." तू हातातला पेरू पदराला पुसलास. मग म्हणालीस, "पुढच्यातली माती मी मोरीत सोडली." मला तेव्हाही लगेच उमगलं नाही. तू म्हणालीस, "लोकांना काय ना काय भेटलं. कुणाला तोंड बघाया भेटलं, कुणाला अंगठी. मला ती माती भेटली तेवढीच. त्यांच्या अंगावरची. अर्धी मी माझ्या हातानं गटारात घातली. उरलेली आत हाय. राहू दे."

मग जे इतके दिवस मनात होतं ते मी विचारलं. "माझी परीक्षा नसती तर आपण बी गेलो असतो ना?"

"हाव. चौघं बी गेलो असतो."

"मग?"

"मग रडायला कुणी उरलं नसतं." तू पेरूचे दोन तुकडे केलेस. "ते बरं झालं असतं का वाईट, मला अजून ठरवता येईना, बाळा. तुझ्याकडं बघितलं की वाटतं वाईट झालं असतं. चाकाकडं बघितलं की काय बी कळत न्हाई." आणि मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवलास. मी तो खाल्ला, मीठ न लावता. तू खोटं बोलली नाहीस, हे मला अजून पुरतं. आणि पुरतही नाही.

पुढचं तुला माहीत आहे. मी शिकले आणि लातूरलाच राहिले. ज्या क्लासेसच्या गर्दीत मी आले होते त्याच गर्दीला आता रसायनशास्त्र शिकवते. दर जूनला नवी पोरं उतरतात. आई मागं उभी असते, खोलीचं भाडं, मेसचं जेवण विचारत असते. छताकडं आता कुणी बघत नाही. तू नांदेडला भूकंपापासून अंगणातच झोपत राहिलीस, थंडीत, पावसात ताडपत्री ओढून. शेवटच्या आजारात दवाखान्यात वरच्या मजल्यावर तुझा डोळा लागेना, म्हणून डॉक्टरांना विचारून मी तुला घरी आणलं आणि बाज लिंबाखाली टाकली. दुपारच्या उन्हात तू गेलीस. वर लिंबाची पानं आणि उघडं आभाळ होतं, एवढंच मला तुझ्यासाठी करता आलं.

तर रविवार. चाकावरचं दातेरी फ्रीव्हील दुकानातून काढून आणलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, नवीन चाक घ्या, ह्याच्यात काय राहिलंय?" बाकीचं मी घरीच केलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पांढरं फडकं अंथरलं. रॉकेल घेतलं नाही, पाणी घेतलं नाही. आंघोळ करून बसले होते. बाहेरची माती तू चाक बांधण्याआधीच कधीतरी झडून गेली असावी, लुगड्याच्या तुकड्यातही काही नव्हतं. आतली फडक्यात गोळा करायची आणि नांदेडला गोदावरीत सोडायची, जिथं तुझी राख सोडली तिथं, असं मनात धरलं होतं. आस गंजून धरला होता. हळूहळू सुटला. टोपण काढलं, कोन काढला.

आई, आत माती नव्हती.

टोपण घट्ट बसलेलं होतं, कारखान्यात बसवलं तसं. आत जुनं ग्रीस होतं, वाळून मेणासारखं झालेलं, आणि तांबडा गंज. मी विजेरी लावून बघितलं. चिंधी फिरवली, दुसऱ्या बाजूनंही उघडलं. छर्रे गंजलेले. पांढरा कण नाही. एवढी वर्षं तू ज्याला हात लावू दिला नाहीस, ते रिकामंच होतं. तुझ्या वाट्याचं जे होतं ते सगळंच्या सगळं त्या दिवशी मोरीतून गेलं होतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले. हे आत आले, फडक्याकडं बघून म्हणाले, "काय निघालं आतून?"

"काही नाही."

"मग बरंच झालं की. स्वच्छ हाय म्हणजे."

त्यांना काय सांगणार? मी हो म्हटलं. मग बसले आणि जे करायचं ते केलं. नवे कोन घातले, नवे छर्रे, ग्रीस भरलं. कड घासली, वाकड्या तारा बदलल्या. माझ्या हातून पण चाक आधी अंड्यासारखं झालं. दोन-चार दिवस गेले त्यात. काल संध्याकाळी ते सरळ फिरलं, आवाज न करता, कितीतरी वेळ. भावाचा चेहरा मी डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. फोटोतला तेवढाच आला. तुझी मान आली, खिडकीकडं वाकलेली, आणि कानामागून सुटलेली बट.

हे सगळं तुला लिहिलं खरं. पण तू कुठं असतीस, पत्र पोचेल अशा एखाद्या पत्त्यावर, तर हे मी धाडलं नसतं. मी स्वतः नांदेडला आले असते, अंगणात तुझ्या बाजेशी बसले असते आणि तू विचारण्याआधीच सांगितलं असतं. निघाली, आई. ओंजळभर निघाली.